वाक मिसरानच्या चपला

१

ही हकिकत मी पुढचं दार सताड उघडं टाकून लिहितेय. नुसतं बाहेरचं जाळीचं दार ओढून घेतलंय, तेही कडी न लावता. जाता-येता कुणाची तरी नजर माझ्यावर पडत राहावी, एवढ्याचसाठी. का, ते पुढे येईलच.

एरवी बघायचं काम माझं. आठव्या मजल्यावरच्या आमच्या या लांबलचक गॅलरीत कुणाकडे कोण आलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, हे मला कुंड्यांना पाणी घालता घालता कळतं. माझे यजमान, आबांग कामसानी, म्हणतात, "सल्बियाह, सरकारनं कॅमेरे उगाच बसवले. तुला एक खुर्ची दिली असती तरी भागलं असतं." म्हणोत बापडे. त्यांना शेजारणीच्या घरची बातमी हवी असली की माझ्याकडेच येतात.

आणि मला माणसांआधी त्यांच्या चपला ओळखू येतात. इथे मलय असो, चिनी असो की तमिळ, चपला दाराबाहेरच निघतात. समोरच्या वळणावरच्या स्वी किमच्या लाल रबरी, टाचेकडे झिजून पातळ झालेल्या. टोकाच्या घरातल्या गोविंदसामींच्या चामड्याच्या, अंगठ्याच्या. आणि शेजारच्या वाक मिसरानच्या (वाक म्हणजे आमच्यात थोरले काका) तपकिरी, रुंद पट्ट्याच्या. डाव्या पायाचा पट्टा तुटला तेव्हा त्यांनी तो पांढऱ्या दोऱ्यानं शिवला होता.

वाक मिसरान खालच्या कॉफीच्या दुकानात पडले. बशीत कॉफी ओतून फुंकर मारत होते आणि तसेच खुर्चीवरून खाली घसरले. कोंबडी-भाताच्या गाडीवाल्यानं हातातला सुरा टाकून त्यांची छाती दाबायला घेतली. लिफ्टशेजारच्या भिंतीवर काचेत एक पेटी असते, शॉक देऊन हृदय चालू करायची, ती कुणीतरी धावत आणली. फार वेळ गेला. रुग्णवाहिकेतून नेलं तेव्हा गाडीवाला मान हलवत हात धूत बसला होता.

आणि वाक परत आले! आपल्या पायांनी, लिफ्टमधून. त्यांच्या बायकोनं, काक तेमाहनं (काक म्हणजे ताई), सगळ्या मजल्याला जेवू घातलं. मटणाचं रेंदांग मी ढवळलं. पाहुणे चटईवर बसलेले, तेवढ्यात वाक खालून आले, चपला काढल्या आणि मुकाट आत शिरले.

मुकाट. हे मला खटकलं. वाक मिसरानचा सलाम म्हणजे काय विचारता! दाराबाहेरून "अस्सलामु अलैकुम" असं गरजायचे, की आमच्या पिंजऱ्यातलं कवडं घुमायचं थांबायचं.

"वाक, सलाम हॉस्पिटलातच विसरलात होय?" मी म्हटलं.

सगळे हसले. वाकही हसले. म्हणजे, ओठ मागे घेतले आणि दात दाखवले.

२

मग एकदा सकाळी पाहते, तर वाक स्वी किमच्या दारासमोर उभे. अनवाणी. आपल्या तपकिरी चपला त्यांनी तिच्या लाल चपलांशेजारी ओळीत लावून ठेवलेल्या. पाहुणा आत गेल्यावर दिसतात तशा. पण पाहुणा बाहेरच. हाक नाही, टकटक नाही.

"वाक, तिचा टीव्ही मोठा असतो. जोरात हाक मारा."

"घाई नाही. वाट बघतोय."

"कशाची?"

त्यांनी खाली, स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मला वाटलं, म्हातारपण. आजारातून उठलेला माणूस, असेल काही विसरलेला. मी घरात येऊन सुकी मासळी साफ करायला बसले, पण एक डोळा बाहेर होताच. थोड्या वेळानं काहीतरी धप्पकन पडलं.

वाकना बाजूला सारून मी स्वी किमच्या घरात घुसले. ती फरशीवर, डोळे अर्धे उघडे, श्वास नाही.

देवाची कृपा, की समाजकेंद्रातल्या वर्गाला मी गेले होते. छाती दाबायला शिकवायला तिथे एक रबराचा बाहुला असतो. नुसतं धड आणि डोकं. मी विचारलं होतं, "याचे पाय कुठेत?" शिकवणारा पोरगेला मुलगा म्हणाला, "मावशी, तुम्हाला छाती दाबायचीय. पाय काय करायचेत?" सगळा वर्ग हसला. पण माझ्या मनातून तो बिनपायांचा बाहुला काही केल्या गेला नव्हता. स्वी किमची छाती दाबताना मी तिच्या पायांकडे बघत राहिले. आहेत ना, म्हणून.

आरडाओरडा ऐकून काक तेमाहनं खालून पेटी आणली. चिकटपट्ट्या लावल्या. पेटीतली बाई शांत आवाजात बोलली, "शॉक द्यायला हवा. दूर व्हा." बटण दाबलं. स्वी किमचं अंग उडालं. थोड्या वेळानं ती कण्हली.

तिला नेल्यावर मी बाहेर आले. लाल चपला एकट्याच होत्या. वाक आपल्या घरी जाऊन झोपले होते.

३

स्वी किम परत आली, माझ्याशी भांडू लागली ("बरगड्या मोडल्यास माझ्या, म्हैस कुठली!") आणि त्यानंतर डॉक्टर पेई शान आमच्याकडे आली. वयानं माझ्या मुलीएवढी, बुटकी, गोड. बूट बाहेर काढून, मोज्यांवर येऊन बसली. मी तिला पांदानचा हिरवा केक दिला आणि तिनं मला प्रश्न विचारले. स्वी किमला पडताना कुणी पाहिलं? छाती लगेच दाबली? पेटी काय म्हणाली?

"कशाला हवंय हे सगळं?"

"घरात, रस्त्यात, हॉस्पिटलात पोचण्याआधी ज्यांचं हृदय बंद पडतं, त्यांच्यातलं कोण परत येईल, ते आधी ओळखता येतं का, हे आम्ही शोधतोय."

"म्हणजे ज्योतिष!"

"ज्योतिषाला कुणी चुकांचा जाब विचारत नाही, आंटी. मला विचारतात." ती हसली. "पण बराच अंदाज येतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कुणीतरी पडताना पाहिलेलं असणं. जो एकटा पडतो, त्याचं अवघड. मग लगेच दाबलेली छाती. मग पेटीचा शब्द. पेटी 'शॉक द्या' म्हणाली तर आशा असते. 'शॉकची गरज नाही' म्हणाली, तर बहुतेक वेळा..." तिनं केकचा तुकडा मोडला.

"आणि अंदाज चुकतो कधी?"

"तुमचे शेजारी. मिसरान. माझ्या हिशोबानं ते आज नसायला हवे होते."

तेवढ्यात वाक गॅलरीतून चालत आले. डॉक्टरनं हात हलवला. वाकनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते दाराशी थांबून तिच्या बुटांकडे बघत होते. बराच वेळ. मग पुढे गेले. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि सोडल्यावर मनात आलं, मी का घाबरले?

४

गोविंदसामी. भला माणूस. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, दिवाळीला अख्ख्या मजल्याला मुरुक्कू, त्यांच्याकडच्या चकल्या, वाटायचे.

वाक त्यांच्या दारासमोर उभे होते. या वेळी चपला पायात होत्या. पायांची बोटं उंबऱ्याला टेकलेली. आत गोविंदसामी वर्तमानपत्र वाचत बसलेले, शेजारी त्यांचा मुलगा लॅपटॉपवर काम करत होता. मुलगा आपला सारखा वर बघतोय आणि कसंनुसं हसतोय.

"या ना आत, मिसरान," गोविंदसामी म्हणाले. "चपला काढा आणि या."

वाकनी मान हलवली. नाही.

मी काय करायला हवं होतं? गॅसवर मासे होते. मी आत गेले.

मुलाची हाक आली तेव्हा मी धावले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सगळं जुळलेलं होतं. मुलानं वडिलांना पडताना डोळ्यांनी पाहिलं होतं. तो पलटणीत शिकून आलेला. माझ्यापेक्षा दसपटीनं चांगली छाती दाबत होता. पेटीही पटकन आली. मी चिकटपट्ट्या लावल्या आणि मनात म्हणत राहिले, बोल बाई, बोल, शॉक द्या म्हण.

"शॉकची गरज नाही," पेटीतली बाई म्हणाली. त्याच शांत आवाजात.

परत विचारलं तरी तेच.

मी दाराकडे पाहिलं. वाक पाठ फिरवून निघाले होते. चपला फरशीवर फट्‌ फट्‌ वाजत होत्या.

५

त्यानंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. गोविंदसामींचं वय झालं होतं. स्वी किमला साखर आहे. म्हातारी माणसं पडतात. आणि एक म्हातारा गॅलरीत इकडेतिकडे उभा राहतो, याचं त्याच्याशी काय? मीही दिवसभर उभीच असते की.

तरी मी काक तेमाहकडे गेले. ती पडवळ चिरत होती. वाक आतल्या खोलीत.

"काक, वाक घरात कसे असतात गं?"

"कसे म्हणजे? खातात, नमाज पढतात, झोपतात. पूर्वी घोरायचे, ते बंद झालं. मला काय, बरंच झालं." ती हसली आणि मग सुरी थांबवली. "एकच. सलाम देत नाहीत. घरात शिरताना माणूस सलाम देतो ना? आतल्यानं उत्तर द्यायचं. एकदा मी रागावले. म्हटलं, मी काय मेलेय, की उत्तर देणार नाही?"

"मग?"

"म्हणाले, सवय गेली." तिचा आवाज उतरला. "म्हणाले, तिथे मी प्रत्येक दाराशी सलाम दिला, तेमाह. किती दारं होती. चपला सगळीकडे बाहेर काढलेल्या. म्हणजे आत माणसं होती. पण उत्तर कुणीच देईना."

आतल्या खोलीत पलंग करकरला. तेमाहनं पुन्हा चिरायला घेतलं, भराभर, आणि मला म्हणाली, "थोडी भाजी घेऊन जा."

६

सकाळची उन्हं गॅलरीत आलेली. आबांग स्वयंपाकघराच्या खिडकीशी कवड्याचा पिंजरा पुसत होते आणि त्या पक्ष्याशी माझ्याशी बोलत नाहीत एवढं गोड बोलत होते. मी दाराकडे वळले.

जाळीपलीकडे वाक मिसरान उभे होते. चपला पायात. बोटं आमच्या उंबऱ्याला टेकलेली.

आबांगच्या हृदयात दोन ठिकाणी स्टेंट बसवलेत. गोळ्या मी हातानं देते.

"वाक, या ना," मी म्हटलं. आवाज शक्य तितका हसरा ठेवला. "कॉफी करते. चपला काढा आणि या."

"नको."

"घोटभर तरी."

"सल्बियाह, मी ठरवत नाही." त्यांचा चेहरा म्हाताऱ्या, दमलेल्या माणसाचा होता. वाईट माणसाचा नव्हता, एवढं मी शपथेवर सांगेन. "मला नुसतं कळतं. काढायला गेलो की निघत नाहीत."

"कोण आलंय?" आबांगनी आतून विचारलं.

"कुणी नाही! तुम्ही पिंजरा पुसा!"

मी दार उघडलं, उंबऱ्यावर बसले आणि वाकचा उजवा पाय धरला. परपुरुषाच्या पायाला मी जन्मात हात लावला नव्हता. चपला निघेनात. पट्टा सैल होता, बोट आत जात होतं, तरी निघेनात. ओल्या मातीत रुतलेली वस्तू ओढावी तशी मी ओढली. एक निघाली. मग शिवलेल्या पट्ट्याची दुसरी. दोन्ही मी आबांगच्या निळ्या चपलांशेजारी नीट ओळीत लावल्या.

वाकचे तळवे मला दिसले. तान्ह्या बाळाचे असतात तसे, मऊ, बिनसुरकुतीचे. कधी जमिनीवर टेकलेच नसावेत तसे.

"आता या," मी म्हटलं. मला धाप लागली होती.

वाक पायांकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पण आता त्या कुणाला तरी घालाव्या लागतील," ते म्हणाले आणि अनवाणीच घरी गेले.

आत पिंजरा पडला.

आबांगना पडताना मी पाहिलं. डॉक्टर पेई शानला मी हेच पहिलं सांगितलं, मी पाहिलं, मी पाहिलं. मी दाबत राहिले, ओरडत राहिले. तेमाह पेटी घेऊन आली.

"शॉकची गरज नाही. छाती दाबत राहा."

मी दाबत राहिले. कवडं घरभर फडफडत होतं. दारातून मला चपलांची ओळ दिसत होती. माझ्या, निळ्या, तपकिरी. मी त्यांना ओरडून म्हटलं, "काढल्यात ना! काढल्यात मी!" तेमाहला वाटलं, मी खुळावले.

पेटी थांबली. पुन्हा तपासू लागली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, असं मला वाटलं.

"शॉक द्यायला हवा," ती म्हणाली. "दूर व्हा."

७

आबांगना हॉस्पिटलातून आणलं, त्याच्या आधीच मी त्या तपकिरी चपला कचरा टाकायच्या भिंतीतल्या नळकांड्यातून खाली सोडल्या होत्या. आठ मजले खडखडत गेल्या. मी कान लावून ऐकल्या.

डॉक्टर पेई शान भेटायला आली. खूश होती आणि थोडी गोंधळलेलीही. "आंटी, पेटी आधी 'नको' म्हणाली, मग 'द्या' म्हणाली, असं होतं कधीकधी. पण त्या वयात, त्या हृदयाला... माझ्या अंदाजात हे बसत नाही. एकाच मजल्यावर असे दोघं." मग माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही बघत होतात म्हणून. तुमच्यासारखी शेजारीण प्रत्येक मजल्यावर हवी."

ती निघाली तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी गरजलं.

"अस्सलामु अलैकुम!"

कवडं घुमायचं थांबलं. वाक मिसरान होते. पायात हिरव्याकंच नव्या सपाता, हातात फणसाची भजी, चेहरा फुललेला. "काय कामसानी! माझ्या पाठोपाठ तूही तिकडे जाऊन आलास की काय?" म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. तेमाह सांगत होती, रात्री पुन्हा घोरायला लागलेत. भिंत हादरते.

मी त्यांना हळूच विचारलं, त्या दिवशीचं काही आठवतं का? "कुठल्या दिवशीचं?" त्यांनी भजं तोंडात टाकलं.

आबांगनी सलामाचं उत्तर दिलं नाही. ते वाकच्या हिरव्या सपातांकडे बघत होते.

पुढे सगळं ठीक होतं. आबांग खायचे, झोपायचे. पक्ष्याशी बोलणं सोडलं, पण मी म्हटलं, अशक्तपणा. मग एक दिवस खालून फिरून आले आणि मुकाट आत शिरले. मी बाहेर डोकावले. दाराशी तपकिरी चपला होत्या. डावा पट्टा पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला.

"आबांग, या कुठून आणल्यात?"

"कुठून म्हणजे? दारातच होत्या की."

८

आज सकाळी मी कॉफी गाळत होते. आबांग फिरायला गेलेले. सलाम नाही, खाकरणं नाही, तरी मला कळलं. मी वळून पाहिलं.

आमच्याच जाळीपलीकडे आबांग उभे होते. चपला पायात. बोटं उंबऱ्याला टेकलेली.

आधी मला भाबडेपणानं वाटलं, किल्ली विसरले. मग मी मागे वळून घरभर पाहिलं. घरात दुसरं कुणीच नव्हतं.

माझं हृदय ठणठणीत आहे. गेल्याच महिन्यात दवाखान्यात दाखवलं. रक्तदाब थोडा, तो कुणाला नसतो? मी हे आबांगना मोठ्यानं सांगितलंसुद्धा. ते ऐकत होते. मग मी स्वी किमला हाक मारली, म्हटलं, ये, दिवसभर माझ्यासमोर बस आणि माझ्याकडे बघत राहा. ती म्हणाली, "तू काय नवरी आहेस, बघत बसायला?" पण आली. समोरच्या खुर्चीवर बसली, कलिंगडाच्या बिया फोडत. आता तिचा डोळा लागलाय. दोनदा जागं केलं. पुन्हा लागला.

तिला पडल्यावर मी पाहिलं, आबांगना पडताना मी पाहिलं. या मजल्यावर बघणारी मीच. गॅलरीत या वेळी चिटपाखरू नसतं, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक?

म्हणून लेखणी खाली ठेवून मी मघाशी दाराशी गेले. "आबांग," मी म्हटलं, "आत या. कॉफी गार होतेय."

ते माझ्याकडे बघत राहिले. लग्नात पहिल्यांदा पाहिलं होतं तसं, नीट.

मग मी जाळी उघडली आणि उंबऱ्यावर बसले. एकदा जमलं होतं, पुन्हा जमेल. मग त्या कुणाला घालाव्या लागतील, हे मला माहीत होतं. चालेल, मी म्हटलं, गॅलरीत उभं राहायची मला सवयच आहे. मी हात पुढे केला आणि शिवलेल्या पट्ट्याला धरलं.

या वेळी पट्टा सैल होता. चप्पल सहज निघाली असती.

आबांगनी पायांची बोटं आवळली आणि चप्पल घट्ट धरून ठेवली.